नामंजूर पदवीधर व्हिसा आणि ऐकून घेण्याचा न्याय

परदेशात पदवी पूर्ण केल्यावर त्याच देशात काही वर्षे राहून काम करण्याची मुभा देणाऱ्या परवान्याला सर्वसाधारणपणे पदवीधर व्हिसा म्हटले जाते. ऑस्ट्रेलियात तो टेम्पररी ग्रॅज्युएट व्हिसा किंवा उपवर्ग ४८५, ब्रिटनमध्ये ग्रॅज्युएट रूट आणि कॅनडात पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट या नावाने ओळखला जातो. असा अर्ज नामंजूर झाला की दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. निर्णय बरोबर होता का, हा पहिला. आणि तो ज्या रीतीने घेतला गेला ती रीत न्याय्य होती का, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाला कायद्याच्या परिभाषेत प्रक्रियात्मक न्याय्यता म्हणतात. तिच्यात मुख्यत्वे दोन गोष्टी येतात: ज्याच्याविरुद्ध निर्णय जाणार आहे त्याला त्याच्याविरुद्धचे मुद्दे आधी सांगून उत्तर देण्याची खरी संधी मिळणे, आणि निर्णय घेणारी व्यक्ती पूर्वग्रहापासून मुक्त असणे. पदवीधर व्हिसाच्या बाबतीत या तत्त्वांचे काय झाले, याचा आढावा घ्यायचा तर मुख्य भर ऑस्ट्रेलियावर देणे रास्त ठरते, कारण या विषयावरचे सर्वात सखोल आणि सर्वात वादग्रस्त कायदेशीर चिंतन तिथल्याच न्यायालयांत झाले आहे.

भारतीय वाचकाला या तत्त्वाची ओळख ‘नैसर्गिक न्याय’ या नावाने आहे. पासपोर्ट जप्त करण्याआधी संबंधित व्यक्तीचे म्हणणे ऐकले पाहिजे, ही अपेक्षा पासपोर्ट कायद्यात स्पष्ट लिहिलेली नसली तरी ती त्यात गृहीत धरली पाहिजे, अशी भूमिका आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मनेका गांधी खटल्यात घेतली. ऑस्ट्रेलियात तोच टप्पा १९८५ मध्ये किओआ खटल्याने गाठला, आणि या खटल्यातील अर्जदार मुळात शिकण्यासाठी तिथे आला होता ही बाब या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. टोंगा या बेटदेशातून १९८१ मध्ये तात्पुरत्या परवान्यावर आलेले किओआ मुदत संपल्यावरही देशात राहिले आणि त्यांच्या हद्दपारीचा आदेश निघाला. वरिष्ठांपुढे ठेवलेल्या खात्याच्या टिपणात असा एक परिच्छेद होता की किओआ हे स्थलांतराचे कायदे चुकवू पाहणाऱ्या इतर लोकांशी सक्रिय संबंध ठेवून आहेत आणि ही चिंतेची बाब आहे. हा आरोप किओआ यांना कधीच दाखवण्यात आला नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (नाव हायकोर्ट असले तरी ते त्या देशाचे सर्वोच्च न्यायालय आहे) आदेश रद्द केला. मुदत संपल्यावर राहिलेल्या माणसालाही, त्याच्याविरुद्ध वापरली जाणारी प्रतिकूल माहिती आधी कळण्याचा हक्क आहे, हे तत्त्व तिथून पक्के झाले. खात्याच्या फाइलमधला एक परिच्छेद माणसाचे आयुष्य कसे बदलू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

उपवर्ग ४८५ मध्ये प्रक्रियेला इतके महत्त्व का येते, हे समजण्यासाठी त्याची रचना पाहावी लागते. ऑस्ट्रेलियातील नोंदणीकृत अभ्यासक्रम किमान दोन शैक्षणिक वर्षांचा असावा लागतो, आणि तो पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. हे सहा महिने पदवीदान समारंभापासून मोजले जात नाहीत, शैक्षणिक अटी पूर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजले जातात. इंग्रजी चाचणीचा निकाल, ऑस्ट्रेलियन फेडरल पोलिसांकडे चारित्र्य पडताळणीसाठी केलेल्या अर्जाचा पुरावा आणि आरोग्यविम्याचा पुरावा अर्जासोबत असावा, अशी अपेक्षा असते. मार्च २०२४ पासून इंग्रजीची पातळी आयईएलटीएसमध्ये सरासरी ६.५ पर्यंत वाढवली गेली आणि चाचणी अर्जाआधीच्या १२ महिन्यांतलीच असावी अशी अट आली; पूर्वी तीन वर्षांपर्यंतची चाचणी चालत असे. जुलै २०२४ पासून बहुतेक अर्जदारांसाठी वयाची मर्यादा ५० वरून ३५ वर आणली गेली. भारतीय पदवीधरांना डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया आर्थिक सहकार्य करारामुळे मुक्कामाच्या कालावधीबाबत काही खास सवलती आहेत, उदाहरणार्थ पदव्युत्तर अभ्यासानंतर तीन वर्षे आणि पीएचडीनंतर चार वर्षे. पण या सवलती व्हिसा मंजूर झाल्यावरच्या आहेत, मंजुरीच्या प्रक्रियेत त्यांचा उपयोग होत नाही.

या रचनेचा परिणाम असा की एखादा कागद राहून गेल्यामुळे अर्ज नामंजूर झाला तर पुन्हा अर्ज करण्याचा मार्ग बहुतेक वेळा बंद झालेला असतो. निर्णय यायला काही महिने लागतात, तोवर सहा महिन्यांची मुदत उलटलेली असते. शिवाय स्थलांतर कायदा १९५८ च्या कलम ४८ नुसार, देशात असताना एक अर्ज नामंजूर झालेल्या आणि मुख्य व्हिसा हाती नसलेल्या व्यक्तीला देशात राहून बहुतेक इतर व्हिसांसाठी अर्ज करता येत नाही. पुणे, मुंबई, नागपूर किंवा कोल्हापूरहून शैक्षणिक कर्ज काढून गेलेल्या विद्यार्थ्याच्या घरी कर्जफेडीचा सारा हिशेब या दोन-तीन वर्षांच्या पगारावर मांडलेला असतो. म्हणूनच, ज्या नामंजुरीला खात्याच्या दृष्टीने एक किरकोळ तांत्रिक कारण पुरते, तिचा परिणाम अर्जदाराच्या दृष्टीने कायमचा असतो, आणि परिणाम जितका गंभीर तितकी प्रक्रिया काटेकोर असावी, हा नैसर्गिक न्यायाचाच जुना नियम आहे.

आता कायद्याने काय दिले आहे ते पाहू. स्थलांतर कायद्यात अर्ज हाताळण्याची एक संहिता आहे. कलम ५४ नुसार अधिकाऱ्याने अर्जातील सर्व माहिती विचारात घेतलीच पाहिजे. कलम ५५ नुसार निर्णय होईपर्यंत अर्जदाराला अधिक माहिती देता येते. कलम ५६ नुसार अधिकाऱ्याला हवे असेल तर तो अधिक माहिती मागवू शकतो. आणि कलम ५७ नुसार अर्ज नामंजूर करण्यास कारण ठरेल अशी प्रतिकूल माहिती अर्जदाराला सांगून त्याचे म्हणणे मागवणे बंधनकारक आहे. या चार कलमांपैकी शेवटच्या दोहोंतला फरक डोळ्यांत भरतो. प्रतिकूल माहिती सांगणे हे कर्तव्य आहे. राहिलेली माहिती मागवणे ही केवळ मुभा आहे. प्रस्तुत विषयातील जवळजवळ सर्व दुखणे या फरकात आहे.

ही संहिता पुरेशी आहे की तिच्याबाहेरही न्यायालयांनी घडवलेली नैसर्गिक न्यायाची तत्त्वे लागू होतात, यावर संसद आणि न्यायालये यांच्यात दीर्घ ओढाताण झाली. हायकोर्टाने २००१ मध्ये मिया खटल्यात संहितेबाहेरची तत्त्वेही लागू होतात असे म्हटल्यावर संसदेने २००२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, संहितेत जेवढे लिहिले आहे तेवढेच म्हणजे ऐकून घेण्याच्या नियमाचे संपूर्ण रूप, असे जाहीर केले. तरीही २०१० मध्ये सईद खटल्यात न्यायालयाने या दुरुस्तीला मर्यादा घातली. पाकिस्तानातून कौशल्याधारित व्हिसा मागणाऱ्या या अर्जदार महिलेने एका उपाहारगृहात स्वयंपाकी म्हणून काम केल्याचे सांगितले होते. अधिकाऱ्यांनी तिथे चौकशी केली, तिच्या म्हणण्याशी न जुळणारी माहिती मिळवली आणि ती तिला न दाखवताच अर्ज नामंजूर केला. कलम ५७ त्या वेळी देशाबाहेरून केलेल्या अशा अर्जाला लागू नव्हते. ज्या गोष्टीबद्दल संहिता काही बोलतच नाही तिथे ती ‘संपूर्ण’ कशी असू शकते, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता, आणि तो निर्विवाद होता. शिवाय ही संहिता फक्त ऐकून घेण्याच्या नियमापुरती आहे. पूर्वग्रहाविरुद्धचा नियम तिने कधीच दूर केलेला नाही.

इथवरचा इतिहास वाचून असे वाटू शकते की अर्जदाराचे संरक्षण भक्कम आहे. प्रतिकूल माहिती, म्हणजे दुसऱ्या कोणी केलेला आरोप, कागदपत्रांतील खोटेपणाचा संशय, नियोक्त्याचा नकार, यांच्या बाबतीत ते खरोखरच बरेच भक्कम आहे. पदवीधर व्हिसाच्या बऱ्याच नामंजुऱ्यांचे कारण मात्र वेगळेच असते. तिथे कोणी काही आरोप केलेला नसतो; एक कागद नसतो इतकेच. पोलीस पडताळणीचा अर्ज व्हिसाच्या अर्जानंतर केलेला असतो, विम्याची पावती जोडायची राहिलेली असते, इंग्रजी चाचणीची तारीख मुदतीबाहेर गेलेली असते. आणि ‘माहिती’ या संकल्पनेत पुराव्यातील उणीव, पोकळी किंवा निर्णय घेणाऱ्याच्या मनातला अविश्वास येत नाही, असे हायकोर्टाने २००७ मध्ये एसझेडबीवायआर या नावाने नोंदलेल्या खटल्यात सांगितले आहे. (निर्वासितांशी संबंधित खटल्यांत अर्जदाराची ओळख लपवण्यासाठी अशी अक्षरनावे वापरली जातात.) तो निकाल नामंजुरीचा फेरविचार करणाऱ्या न्यायाधिकरणाच्या कर्तव्याबद्दलचा होता, पण त्यामागचा विचार अधिकाऱ्याच्या पायरीलाही लागू पडतो. अर्जात कागद नाही, ही गोष्ट अर्जदाराला सांगायलाच हवी अशी ‘माहिती’ ठरत नाही. परिणामी ज्याने खोटा कागद दिल्याचा संशय आहे त्याला उत्तराची संधी मिळते, आणि ज्याच्याकडून खरा कागद जोडायचा राहिला त्याला ती मिळेलच याची खात्री नसते. हा उलटा न्याय आहे, आणि त्याला अधिकाऱ्यांचा दुष्टपणा कारणीभूत नाही. कायद्याच्या रचनेतूनच तो निर्माण झाला आहे.

यानंतर प्रश्न येतो फेरविचाराचा. ऑस्ट्रेलियात फेरविचार दोन प्रकारचा आहे. न्यायाधिकरण अधिकाऱ्याच्या जागी बसून सर्व पुरावा नव्याने तपासते आणि योग्य निर्णय कोणता ते ठरवते. याला गुणदोषांवरील फेरविचार म्हणतात. न्यायालय मात्र निर्णय कायदेशीर रीतीने घेतला गेला की नाही एवढेच पाहते. याला न्यायिक पुनर्विलोकन म्हणतात. पहिले काम १९९९ पासून मायग्रेशन रिव्ह्यू ट्रिब्युनलकडे होते, जुलै २०१५ मध्ये ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रिब्युनलमध्ये विलीन झाले, आणि तिथल्या नेमणुकांच्या राजकीयीकरणावर बरीच टीका झाल्यानंतर ती संस्थाच बरखास्त करून १४ ऑक्टोबर २०२४ पासून अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल सुरू झाले. न्यायाधिकरणापुढे नवा पुरावा देता येतो, ही या व्यवस्थेची मोठी जमेची बाजू आहे. ब्रिटनमधील अर्जदाराला तेवढेही मिळत नाही, हे पुढे दिसेल.

पण नवा पुरावा देता येतो म्हणजे तो उपयोगी पडतोच असे नाही. व्हिसाच्या अटी दोन प्रकारच्या असतात: निर्णयाच्या वेळी पूर्ण व्हाव्या लागणाऱ्या, आणि अर्जाच्या वेळीच पूर्ण असाव्या लागणाऱ्या. पहिल्या प्रकारात न्यायाधिकरणापुढची सुनावणी अर्थपूर्ण असते, कारण दरम्यानच्या काळात मिळवलेला कागद ग्राह्य धरता येतो. दुसऱ्या प्रकारात काळ अर्जाच्या दिवशीच थांबलेला असतो. न्यायाधिकरणाचा सदस्य अर्जदाराचे म्हणणे तासभर ऐकून घेईल, त्याचा प्रामाणिकपणा मान्य करेल, आणि तरीही अर्जाच्या दिवशी पोलीस पडताळणीची मागणी झालेली नव्हती म्हणून नामंजुरी कायम ठेवण्यावाचून त्याच्यापुढे पर्याय नसेल. आजारपण, विद्यापीठाने उशिरा दिलेले पत्र, ऑनलाइन अर्जातील प्रश्नाचा चुकलेला अर्थ, यांतले काहीही तिथे चालत नाही, कारण नियमात सूट देण्याचा अधिकारच नाही. ऐकून घेण्याचा हक्क पुरेपूर पाळला गेला आणि ऐकलेल्या गोष्टीचा निकालावर कोणताही परिणाम होऊ शकत नाही, अशा सुनावणीला न्याय्य म्हणायचे का, हा या आढाव्यातील कळीचा प्रश्न आहे.

हायकोर्टाच्या दोन निकालांची तुलना केली की मुद्दा स्पष्ट होतो. बेरेंग्वेल खटल्यात (२०१०) कौशल्याधारित व्हिसासाठी अर्ज करताना अर्जदाराची इंग्रजी चाचणी व्हायची होती, ती नंतर झाली आणि तो उत्तीर्ण झाला. नियमाची भाषा अर्जानंतरच्या चाचणीला वगळत नाही, असा अर्थ लावून न्यायालयाने नामंजुरी टिकू दिली नाही. चाचणी फार जुनी नसावी हा नियमाचा हेतू आहे आणि ताज्या चाचणीने तो अधिकच साधला जातो, हे त्यामागचे साधे शहाणपण होते. मात्र नियमाच्या शब्दांवर उभा असलेला न्याय नियमाचे शब्द बदलले की कोसळतो; ४८५ च्या आजच्या नियमात चाचणी अर्जाआधीच झालेली असावी हे उघड लिहिले आहे. दुसरा निकाल ली खटल्यातला, मे २०१३ चा. परदेशी पदवीधरांसाठीच्या निवासी व्हिसाच्या या अर्जदार महिलेच्या आधीच्या एजंटाने खोटी माहिती देऊन कौशल्य-मूल्यांकन मिळवले होते. तिने प्रामाणिकपणे नवे मूल्यांकन मागितले, ते चुकीच्या आधारावर प्रतिकूल आले, आणि त्या चुकीची दुरुस्ती होईपर्यंत थांबावे अशी विनंती तिने न्यायाधिकरणाला केली. तिला पुरेशा संधी मिळाल्या आहेत, असे सांगून न्यायाधिकरणाने तहकुबी नाकारली. तहकुबी देण्याचा अधिकार हा वाजवीपणे वापरायचा अधिकार आहे आणि इथे तो तसा वापरला गेला नाही, असे न्यायालयाने ठरवले. ली निकाल आज ऑस्ट्रेलियन प्रशासकीय कायद्याचा आधारस्तंभ मानला जातो. पण तिची अट निर्णयाच्या वेळी पूर्ण करायची होती, म्हणून थांबण्याला अर्थ होता. तीच अट अर्जाच्या वेळची असती तर तहकुबी देऊनही हाती काही लागले नसते.

न्यायाधिकरणाच्या स्वतःच्या कामकाजाबाबतचे नियम तुलनेने समाधानकारक आहेत. नामंजुरी कायम ठेवण्यास कारण ठरेल अशी माहिती अर्जदाराला कळवण्याचे कलम ३५९ए मध्ये सांगितलेले कर्तव्य, निर्वासित-प्रकरणांतील त्याच्या समांतर कलमाबद्दल २००५ मध्ये झालेल्या एसएएपी निकालानंतर, काटेकोरपणे पाळण्याचे बंधन आले. आणि अधिकाऱ्याने ज्या मुद्द्यावर अर्ज फेटाळला त्याहून वेगळ्या मुद्द्यावर न्यायाधिकरणाला निर्णय द्यायचा असेल तर तसे अर्जदाराला आधी सूचित केले पाहिजे, हे २००६ च्या एसझेडबीईएल निकालाने स्पष्ट केले. जाचक भाग मुदती आणि खर्चाचा आहे. फेरविचाराचे शुल्क साडेतीन हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास आहे. आर्थिक अडचण सिद्ध केल्यास ते निम्म्यावर येते आणि निकाल अर्जदाराच्या बाजूने लागल्यास त्यातला निम्मा भाग परत मिळतो. जुन्या न्यायाधिकरणाच्या काळात, लेखी माहितीच्या मागणीला ठरलेल्या मुदतीत उत्तर दिले नाही तर तोंडी सुनावणीचा हक्कच संपत असे, आणि न्यायाधिकरणाने मनात आणले तरी तो परत देता येत नसे. २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या एका विधेयकात विद्यार्थी व्हिसाच्या प्रकरणांचा निकाल तोंडी सुनावणीविना, केवळ कागदपत्रांवरून देण्याचा प्रस्ताव आला. तुंबलेल्या प्रकरणांचा निपटारा हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे, परंतु प्रामाणिकपणाचा अंदाज कागदावरून बांधायचा, आणि तोही इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा असलेल्या तरुणांच्या बाबतीत, ही वाट धोक्याची आहे.

एजंटाच्या चुकीचा प्रश्न मराठी वाचकाला विशेष जवळचा आहे. ऑस्ट्रेलियात राहून स्थलांतरविषयक सल्ला देण्यासाठी नोंदणीकृत एजंट किंवा वकील असावे लागते, पण भारतातील शिक्षणसल्लागारांना ही नोंदणी बंधनकारक नाही, आणि शिक्षण संपल्यावरही अनेक विद्यार्थी जुन्या ओळखीमुळे त्यांच्याच सल्ल्याने पुढचा अर्ज भरतात. एजंटाने मुद्दाम फसवणूक केली आणि त्यामुळे न्यायाधिकरणाचे कामच विफल झाले तर निर्णय रद्द होऊ शकतो, असे एसझेडएफडीई खटल्यात (२००७) ठरले; त्या खटल्यात परवाना नसलेल्या एका व्यक्तीने आपण वकील असल्याचे भासवून कुटुंबाला सुनावणीस न जाण्याचा सल्ला दिला होता. साध्या हलगर्जीपणाला मात्र हे संरक्षण नाही. उलट बाजूने, अर्जासोबत खोटा कागद आढळला तर नामंजुरी आणि पुढील तीन वर्षांची बंदी अशी दुहेरी शिक्षा देणाऱ्या नियमाबाबत फेडरल न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१४ च्या त्रिवेदी निकालात म्हटले की कोणीतरी हेतुपुरस्सर खोटेपणा केलेला असला पाहिजे, पण तो अर्जदाराला ठाऊक असण्याची गरज नाही. म्हणजे एजंटाने केलेल्या खोटेपणाचे ओझे, त्याची कल्पनाही नसलेल्या विद्यार्थ्यावर येते.

न्यायाधिकरणानंतरची पायरी न्यायालयाची, आणि ती काळाच्या ओघात अधिक उंच होत गेली आहे. व्हिसाचे निर्णय न्यायालयात नेता येऊ नयेत, असा प्रयत्न संसदेने २००१ मध्ये केला होता. राज्यघटनेने हायकोर्टाला दिलेला अधिकार असा काढून घेता येत नाही, असे २००३ च्या एस१५७ निकालाने ठणकावून सांगितले. त्यामुळे निर्णयात ‘अधिकारक्षेत्राची चूक’, म्हणजे कायद्याने घालून दिलेल्या चौकटीबाहेर जाण्याइतकी गंभीर चूक, असेल तर तो न्यायालयात रद्द होतो, आणि प्रक्रियात्मक न्याय्यतेचा भंग ही अशी चूक मानली जाते. परंतु २०१८ च्या होसेन आणि २०१९ च्या एसझेडएमटीए या निकालांनी अट घातली की ती चूक झाली नसती तर निकाल वेगळा लागण्याची वास्तव शक्यता होती, हे दिसले पाहिजे, आणि ते दाखवण्याचा भार अर्जदारावर आहे. २०२२ च्या नॅथन्सन निकालाने ऐकून न घेतल्याच्या प्रकरणांत ही पायरी अवघड करू नये असे सांगून थोडा दिलासा दिला. तरीही अर्जाच्या वेळच्या अटीवर नामंजूर झालेल्या पदवीधराची कोंडी सुटत नाही: त्याचे ऐकून घेतले नाही हे खरे, पण ऐकून घेतले असते तरी निकाल तोच लागला असता, असे उत्तर त्याला मिळते. शेवटी उरतो मंत्र्याकडे विनंतीचा मार्ग. न्यायाधिकरणाच्या निर्णयानंतर मंत्री सार्वजनिक हिताच्या कारणाने अधिक अनुकूल निर्णय देऊ शकतो, पण विनंतीकडे पाहण्याचेही त्याच्यावर बंधन नाही. दया ही दयाच असते, तिच्यावर प्रक्रियेची इमारत उभी राहत नाही.

ब्रिटनचा अनुभव वेगळ्या दिशेने गेला. तिथे २०१० मध्ये अपील न्यायालयाने पंकिना निकालात जे केले ते थेट पदवीधर व्हिसाशी संबंधित होते. शिक्षणोत्तर कामाच्या त्या वेळच्या व्हिसासाठी ८०० पौंड शिल्लक असावी अशी अट नियमात होती. ती तीन महिने सलग असावी, ही अट मात्र केवळ खात्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेत होती. संसदेपुढे न ठेवलेली अट नियमाचा दर्जा घेऊ शकत नाही, असे सांगून न्यायालयाने ती अट लागू होऊ दिली नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अल्वी निकालाने तत्त्व आणखी पक्के केले. त्याची फलश्रुती अनपेक्षित झाली: खात्याने बारीकसारीक अटी पुस्तिकेतून उचलून नियमांतच घातल्या, नियम शेकडो पानांचे झाले आणि अर्जदाराच्या वाट्याला अधिक स्पष्टता येण्याऐवजी अधिक काटे आले.

ब्रिटनने एक चांगली गोष्ट मात्र करून दाखवली होती, आणि ती ऑस्ट्रेलियाने उचलण्याजोगी आहे. कागदपत्रांच्या मालिकेतला एखादा कागद राहिला असेल तर अधिकाऱ्याने तो मागवावा, असे अंतर्गत धोरण तिथे होते. मंडालिया या भारतीय विद्यार्थ्याने सलग २८ दिवसांच्या शिलकीचा पुरावा देण्याऐवजी २२ दिवसांचे बँक विवरण जोडले आणि त्याचा अर्ज फेटाळला गेला. उरलेल्या दिवसांचे विवरण आधी मागवायला हवे होते, खात्याने स्वतःचेच धोरण पाळले नाही, असे म्हणून ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये तो निर्णय रद्द केला. दोन वर्षे आधी त्याच न्यायालयाने पटेल निकालात, अट थोडक्यात चुकली म्हणून सूट मिळत नाही, असे म्हटले होते. या दोन निकालांत विसंगती नाही. अट पूर्ण नसेल तर सूट नाही, पण अट पूर्ण आहे की नाही हे न विचारता ठरवायचेही नाही.

२०१४ च्या इमिग्रेशन कायद्याने ब्रिटनमधील बहुतेक विद्यार्थी व कामगार अर्जदारांचा अपिलाचा हक्क काढून घेतला आणि त्याजागी प्रशासकीय फेरतपासणी आणली. ८० पौंड शुल्क भरून, देशात असल्यास १४ दिवसांत, गृहखात्याच्याच दुसऱ्या कर्मचाऱ्याकडून फाइल पुन्हा तपासून घ्यायची. नवा पुरावा सहसा चालत नाही. स्वस्त आणि जलद असली तरी स्वतंत्र नसलेली ही व्यवस्था, स्थलांतराच्या मुख्य निरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालात दाखवलेल्या त्रुटींनंतरही, मूळ स्वरूपात तशीच आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ग्रॅज्युएट रूटमध्ये आणखी एक अडचण आहे: अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण झाल्याचे विद्यापीठाने गृहखात्याला कळवायचे असते, म्हणजे निर्णायक वस्तुस्थिती अर्जदाराच्या हातात नसून तिसऱ्याच्या हातात असते. तिसऱ्याच्या चुकीबाबत ब्रिटिश न्यायालयांचे मत एकसुरी नाही. महाविद्यालयाने चुकून प्रवेशपत्र मागे घेतल्याच्या ईके प्रकरणात (२०१४) बहुमताने अर्जदाराच्या विरोधात निकाल गेला. तर पठाण या भारतीय अर्जदाराच्या प्रकरणात (२०२०) नियोक्त्याचा परवाना रद्द झाल्याचे त्याला वेळेवर न कळवणे हे अन्याय्य होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. आणि सामूहिक संशय किती दूर जाऊ शकतो हे २०१४ च्या टोईक इंग्रजी चाचणी प्रकरणात दिसले: परीक्षा घेणाऱ्या कंपनीने २०११ ते २०१४ दरम्यानच्या ५८ हजारांहून अधिक चाचण्यांपैकी ९७ टक्के संशयास्पद ठरवल्या, त्या आधारावर हजारो विद्यार्थ्यांवर, त्यांत पुष्कळ भारतीयांवर, कारवाई झाली, अनेकांना देशाबाहेर जाऊनच अपील करण्याची मुभा होती, आणि काहींवर चुकीचा ठपका आला असण्याची शक्यता ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये नोंदवली.

कॅनडाबद्दल थोडक्यात सांगता येईल. तिथे पदवीधर परवान्यासाठी अभ्यास पूर्ण झाल्याची खात्री मिळाल्यापासून १८० दिवसांत अर्ज करावा लागतो आणि नामंजुरीवर न्यायाधिकरण नाही. थेट फेडरल न्यायालयाची परवानगी घेऊन, देशातील निर्णयाबाबत १५ दिवसांत, पुनर्विलोकन मागावे लागते. गंभीर शंका असल्यास अधिकारी अर्जदाराला पत्र पाठवून खुलासा मागतो, आणि हे पत्र तिथल्या व्यवहारात ‘प्रोसीजरल फेअरनेस लेटर’ याच नावाने ओळखले जाते. हक्काला व्यवहारात इतके साधे, ओळखू येणारे रूप देणे ही त्या व्यवस्थेची खरी कमाई आहे.

या सर्वांवर प्रशासनाचा आक्षेप असतो तो संख्येचा. लाखो अर्जांत प्रत्येकाला राहिलेल्या कागदाची आठवण करून देणे म्हणजे अर्जदाराची जबाबदारी खात्याने उचलणे, असे म्हटले जाते. आक्षेपात तथ्य आहे, पण तो पूर्ण हिशेब मांडत नाही. ऑनलाइन प्रणालीत कोणता कागद जोडलेला नाही हे यंत्रालाही कळते. एक स्वयंचलित सूचना आणि १४ दिवसांची मुदत यांचा खर्च, न्यायाधिकरणात वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या एका प्रकरणाच्या खर्चापुढे नगण्य आहे. ढिसाळ अर्जदारांना मोकळे रान मिळेल ही भीतीही फारशी टिकत नाही, कारण मागणी एकदाच करायची आहे आणि पात्रतेच्या अटी शिथिल करायच्या नाहीत. फेरविचाराची दारे वाढवून हा प्रश्न सुटणार नाही, कारण अर्जाच्या वेळची अट मोडली गेली की पुढच्या प्रत्येक दाराआड तेच उत्तर असते. न्याय्यता नामंजुरीच्या आधी आली पाहिजे. ऑस्ट्रेलियाने कलम ५६ मधील मुभेचे, निदान पोलीस पडताळणी, विमा आणि चाचणीच्या निकालासारख्या कागदांपुरते, कर्तव्यात रूपांतर करावे, आणि अशा मागणीनंतर मुदतीत दिलेला कागद अर्जासोबतच दिला असे नियमात मानावे. ब्रिटनने फेरतपासणीत मूळ अर्जाच्या वेळी अस्तित्वात असलेला कागद स्वीकारावा. एवढे झाले तर न्यायालयांनी चार दशकांत घडवलेली तत्त्वे ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्यापर्यंत पोहोचतील.

तोपर्यंत अर्जदाराने लक्षात ठेवण्याची बाब अशी की ऑस्ट्रेलियात न्यायाधिकरणाकडे जाण्याची सर्वसाधारण मुदत २८ दिवसांची आहे, अशा व्हिसा-प्रकरणांत ती वाढवून मिळत नाही, आणि नामंजुरीचे पत्र ईमेलने आले असेल तर ते पाठवल्याच्या दिवशीच मिळाले असे कायदा मानतो, मग ते उघडून वाचले असो वा नसो.